रविवारची प्रत अर्धी का निघाली: बॅकअपच्या लॉगमधून काढलेला माग

एका बुधवारी चुकून पुसलं गेलेलं ‘स्कॅन्स’ नावाचं फोल्डर तीन आठवड्यांनी परत मागितलं गेलं. बॅकअप रोज रात्री चालत होता आणि नऊ आठवड्यांत एकही इशारा आला नव्हता. सिस्टमडीच्या, म्हणजे लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेच्या, लेखी प्रत्येक रात्र यशस्वी होती. तरीही आदल्या रविवारची प्रत उघडली तर तिच्यात ‘स्कॅन्स’ नव्हतंच. त्याच्या आदल्या रविवारच्या प्रतीतही नव्हतं.

हे नमुना-प्रकरण आहे. सर्व्हरचे आकडे आणि वेळा उदाहरणादाखल घेतल्या आहेत. संदेश, एक्झिट कोड (कार्यक्रम संपताना देतो तो आकडा) आणि पर्याय मात्र ही साधनं खरोखर देतात तेच आहेत.

मांडणी अशी. एक लिनक्स सर्व्हर, त्यावर एलव्हीएमचा (डिस्कची जागा वाटून देणारा थर) ८०० जीबीचा व्हॉल्यूम आणि त्यावर ईएक्सटी४ ही फाइलप्रणाली. या व्हॉल्यूमवर सुमारे १९ लाख फाइल्स आहेत. आर्काइव्ह, कॉन्ट्रॅक्ट्स, इनव्हॉइसेस, स्कॅन्स, अपलोड्स अशी पाच मोठी फोल्डर्स. त्याच व्हॉल्यूमवर कंटेनरमध्ये चालणाऱ्या पोस्टग्रेस डेटाबेसचा डेटाही आहे, पण तो फाइल बॅकअपमधून वगळलेला आहे, कारण त्याचा डंप वेगळा निघतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा.

रात्री १:३० ला सिस्टमडी टायमर बॅकअप सुरू करतो. ‘एक्झेकस्टार्टप्री’मध्ये, म्हणजे मुख्य कामाआधीच्या पायरीत, २० जीबीचा एलव्हीएम स्नॅपशॉट काढून तो फक्त-वाचन पद्धतीने माउंट होतो. ‘एक्झेकस्टार्ट’मध्ये रेस्टिक हे बॅकअपचं साधन त्या माउंटवरून बॅकअप घेतं. ‘एक्झेकस्टार्टपोस्ट’मध्ये जुन्या प्रतींची छाटणी होऊन स्नॅपशॉट काढून टाकला जातो. छाटणीचा नियम ७ दैनिक, ५ साप्ताहिक, ६ मासिक. वेळ वाचावा म्हणून रेस्टिकची आगाऊ मोजणी बंद ठेवली आहे.

शब्दांचा घोळ आधीच मिटवू. एलव्हीएमही ‘स्नॅपशॉट’ म्हणतं आणि रेस्टिकही स्वतःच्या प्रतीला ‘स्नॅपशॉट’च म्हणतं. खाली एलव्हीएमच्या गोठवलेल्या चित्राला स्नॅपशॉट म्हटलं आहे आणि रेस्टिकच्या साठ्यातल्या नोंदीला प्रत. लॉग वाचताना हा फरक मनात पक्का नसेल तर निम्म्या ओळींचा अर्थ उलटा लागतो.

पहिल्या दोन पायऱ्या, ज्यांनी काही सांगितलं नाही

साठा बिघडला असेल म्हणून ‘रेस्टिक चेक’ चालवलं. उत्तर आलं, ‘नो एरर्स वेअर फाउंड’. सगळा डेटा वाचून तपासणारा पर्याय लावला तरी तेच. उत्तर बरोबरच होतं. साठ्यात जे ठेवलं गेलं ते धड आहे की नाही, एवढंच हा आदेश तपासतो. जे कधी आत आलंच नाही त्याचा त्याला पत्ता नसतो. बॅकअप तपासला म्हणून सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात.

मग डिस्क. लॉगमध्ये कुठेतरी ‘इनपुट-आउटपुट एरर’ दिसल्याचं कुणाला तरी आठवत होतं, म्हणून डिस्कची तब्येत सांगणारं स्मार्टसीटीएल चालवलं. बदललेले सेक्टर शून्य, प्रलंबित सेक्टर शून्य, लांब चाचणी उत्तीर्ण.

प्रतींची मोजदाद

लॉगच्या ओळींत शिरण्याआधी प्रत्येक रात्री किती फाइल्स प्रतीत गेल्या हे पाहणं स्वस्त पडतं. २०२४ मध्ये आलेल्या रेस्टिक ०.१७ पासून प्रत्येक प्रतीसोबत तिचा गोषवाराही साठवला जातो. त्यामुळे प्रतींची यादी जेसन रूपात काढून जेक्यूने (जेसन चाळण्याचं साधन) तारीख, एकूण फाइल्स आणि लागलेला वेळ एवढे तीन रकाने वेगळे करता येतात. जर्नलमधल्या (सिस्टमडीच्या लॉगमधल्या) नोंदी गेल्या असल्या तरी हा पुरावा शिल्लक राहतो, आणि इथे तोच कामी आला. जर्नलला ५०० एमबीची मर्यादा होती आणि त्यात फक्त २३ दिवस उरले होते.

यादी पाहताच साचा दिसला. मंगळवार ते शनिवार सुमारे १९.१ लाख फाइल्स आणि ७४ मिनिटं. रविवारी १२.७ लाख फाइल्स आणि ४८ मिनिटं. उरलेल्या पाचही साप्ताहिक प्रती अशाच, १२ ते १५ लाखांच्या दरम्यान.

सोमवारची गंमत वेगळीच होती. फाइल्सची संख्या पूर्ण, पण वेळ सहा तासांच्या आसपास. गोषवाऱ्यात ‘न्यू’ फाइल्स ६.४ लाख आणि साठ्यात नव्याने भर पडली जेमतेम ३ जीबीची. हा विरोधाभास समजला की अर्धं प्रकरण समजलं. रेस्टिक मागच्या प्रतीशी तुलना करतं. आकार, वेळा आणि आयनोड (फाइलचा अंतर्गत क्रमांक) जुळले तर फाइल पुन्हा वाचत नाही. रविवारच्या प्रतीत ६.४ लाख फाइल्स नव्हत्या, म्हणून सोमवारी त्या ‘नव्या’ ठरल्या आणि पूर्ण वाचल्या गेल्या. त्यांचे तुकडे साठ्यात आधीपासून होतेच, म्हणून भर पडली नाही. ‘सोमवारी बॅकअप लांबतो’ अशी तक्रार दोनदा नोंदली गेली होती आणि दोन्ही वेळा नेटवर्कच्या माथी मारून बंद केली होती. सर्व्हरचा लॉग पाहायचा तर बिघडलेल्या रात्रीच्या पुढची रात्रही पाहावी, ती अशी चुगली करते.

आता छाटणीकडे. साप्ताहिक नियम आठवड्यातली शेवटची प्रत ठेवतो आणि रेस्टिकचा आठवडा आयएसओ पद्धतीचा, म्हणजे सोमवारी सुरू होऊन रविवारी संपणारा. थोडक्यात, सहा चांगल्या प्रती सोडून सातवी, म्हणजे नेमकी अर्धवट प्रत, राखून ठेवण्याचं काम छाटणी दर आठवड्याला इमानेइतबारे करत होती. सात दिवस उलटले की चांगल्या प्रती गळत आणि मागे फक्त रविवार उरत.

पहिली वेगळी ओळ

मग जर्नल वाचणाऱ्या जर्नलसीटीएलने बॅकअपच्या युनिटची (सिस्टमडीतल्या सेवेची) ताज्या रविवारची रात्र काढली, वेळ सेकंदापर्यंत दिसेल अशा आयएसओ रूपात. शेवट असा होता: प्रत ‘सेव्ह्ड’ झाल्याची ओळ, तिच्या खाली ‘वॉर्निंग: अ‍ॅट लीस्ट वन सोर्स फाइल कुड नॉट बी रेड’, आणि मग सिस्टमडीचं ‘फिनिश्ड’. शेवटून वाचणाऱ्याला वाटतं की एखादी फाइल सुटली असेल, कुणीतरी उघडून ठेवली असेल.

‘किमान एक’ हे शब्द खोटे नाहीत. ते किती मोठं झाकतात ते वर सरकल्यावर कळतं. ‘एरर’ने सुरू होणाऱ्या ओळी मोजल्या तर ४१ भरल्या. ४१ ओळी आणि ६.४ लाख गायब फाइल्स, हा हिशेब कसा जुळतो? त्यातली एक ओळ ‘एलस्टॅट’ (फाइल किंवा फोल्डरची माहिती विचारणं) करताना ‘स्कॅन्स’वर इनपुट-आउटपुट एरर आल्याची होती. फोल्डरच वाचता आलं नाही, म्हणून त्याच्या आतल्या एकाही फाइलचं नाव रेस्टिकला कळलं नाही. जी नावं कळलीच नाहीत त्यांच्याबद्दल तक्रार कोण करणार? अपलोड्सची तीच गत. बाकीच्या ३९ ओळी इनव्हॉइसेसमधल्या उपफोल्डरांच्या. लॉगमधल्या चुकांची संख्या ही नुकसानाची संख्या नव्हे.

इंग्रजी अकारविल्हे पाहिलं तर आर्काइव्ह आणि कॉन्ट्रॅक्ट्स पूर्ण, इनव्हॉइसेस अर्धं आणि पुढचं काहीच नाही. रेस्टिक नावांच्या क्रमाने चालतं. म्हणजे ही कुठे-कुठे विखुरलेली खराबी नव्हती. एका क्षणी पायाखालची जमीनच गेली होती आणि त्यानंतर काहीच वाचलं गेलं नाही. डिस्कचे खराब सेक्टर असे वागत नाहीत. ते इथे एक, तिथे एक अशा फाइल्स पाडतात आणि दर वेळी त्याच पाडतात. इथे मात्र तुटण्याची जागा दर रविवारी वेगळी होती.

म्हणून हवा होता तो क्षण. पहिली ‘एरर’ ओळ २:१७:४२ ची. तिच्या आधीची ४७ मिनिटं स्वच्छ.

एक खबरदारी. जर्नलडी एकाच सेवेकडून ३० सेकंदांत १०,००० पेक्षा जास्त ओळी आल्या तर पुढच्या गाळतो (मूळ मर्यादा तेवढी आहे) आणि ‘सप्रेस्ड’ अशी एक ओळ ठेवतो. कर्नलही (लिनक्सचा गाभा) तेच करतो, ‘कॉलबॅक्स सप्रेस्ड’ म्हणून. पहिली चूक शोधताना आसपास हा शब्द आहे का ते आधी पाहावं, नाहीतर जी पहिली वाटते ती चारशेवी निघते. इथे तसं नव्हतं.

त्याच सेकंदाला कर्नल काय म्हणाला

बॅकअपच्या लॉगला एवढंच माहीत होतं की वाचता आलं नाही. का आलं नाही, हे खालच्या थराला विचारायचं. जर्नलसीटीएलला कर्नलपुरतं मर्यादित करून २:१५ ते २:२० एवढीच खिडकी काढली. २:१७:४१ ला ओळ होती:

‘डिव्हाइस-मॅपर: स्नॅपशॉट्स: इनव्हॅलिडेटिंग स्नॅपशॉट: अनेबल टू अ‍ॅलोकेट एक्सेप्शन.’

आणि तिच्या मागोमाग ‘बफर आय-ओ एरर’च्या ओळी, ज्यांत डीएम-५ हे उपकरण होतं. डीएम-५ म्हणजे कोण हे डीएमसेटअप किंवा एलएसबीएलकेने पाहता येतं. पण बॅकअपनंतर स्नॅपशॉट काढून टाकला की तो क्रमांक मोकळा होतो आणि दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. म्हणून सकाळी पाहून रात्रीचा निष्कर्ष काढू नये. स्नॅपशॉट तयार करतानाच त्याचा क्रमांक लॉगमध्ये लिहून ठेवणं बरं.

त्या कर्नल ओळीचा शेवट नीट वाचण्यासारखा आहे. स्नॅपशॉट बाद होताना कर्नल दोनांपैकी एक कारण देतो. ‘एरर रीडिंग/रायटिंग’ असेल तर खालच्या डिस्कवर खरोखर वाचन-लेखन फसलं आहे, तेव्हा डिस्क, केबल, कंट्रोलर तपासा. ‘अनेबल टू अ‍ॅलोकेट एक्सेप्शन’ असेल तर बदलांसाठी राखलेली जागा संपलेली असते. ‘एक्सेप्शन’ म्हणजे इथे मूळ व्हॉल्यूमपेक्षा वेगळा झालेला तुकडा, प्रोग्रामातला अपवाद नव्हे. दोन्हींमध्ये वरच्या थराला मिळते ती एकच तक्रार, इनपुट-आउटपुट एरर. म्हणूनच कुणाला तरी डिस्क आठवली होती.

यामागचं काम असं चालतं. स्नॅपशॉट काढल्यावर मूळ व्हॉल्यूमवरच्या एखाद्या तुकड्यावर पहिल्यांदा लिहिलं जाताना त्याची जुनी आवृत्ती स्नॅपशॉटच्या राखीव जागेत उचलून ठेवली जाते. ती जागा भरली की एलव्हीएम मूळ व्हॉल्यूमचं लेखन अडवत नाही. स्नॅपशॉट बाद करतं. हे योग्यच आहे, चालू सेवा बॅकअपसाठी थांबू नये. पण बाद झालेला स्नॅपशॉट माउंट असला तरी त्यातून पुढे काहीही वाचता येत नाही.

या सर्व्हरवर एलव्हीएमच्या कॉन्फिगमध्ये ‘मॉनिटरिंग’ शून्य होतं, म्हणजे स्नॅपशॉट किती भरला हे पाहणारा डीएमइव्हेंटडी पहारा देत नव्हता. तो असता तर ‘स्नॅपशॉट इज नाऊ ८०.०० टक्के फुल’ अशी ओळ काही मिनिटं आधी आली असती.

लिहिणारा कोण

२० जीबी ४७ मिनिटांत भरले. इतर रात्री किती भरतात? ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, कारण स्नॅपशॉट काढून टाकला की त्याची टक्केवारीही जाते. एसएआर या यंत्राचा भार नोंदणाऱ्या साधनाच्या दहा-दहा मिनिटांच्या नोंदींनी भागवलं. इतर दिवशी १:३० ते ३:०० मध्ये त्या व्हॉल्यूमवर लेखन नगण्य. रविवारी २:०० पासून एकदम उसळी, २:५० च्या पुढे पुन्हा शांत.

बरोबर २:०० वाजता म्हणजे ठरवून ठेवलेलं काम. क्रॉनटॅब, टायमरची यादी, सगळं चाळून झालं. रविवारी २:०० चं काहीच सापडेना.

पोस्टग्रेसचा लॉग आधी एकाने पाहून सोडून दिला होता. त्यात शनिवार रात्री २०:३० ला ‘रीइंडेक्स’ (डेटाबेसचे इंडेक्स नव्याने बांधणं) सुरू झाल्याची नोंद होती, आणि शनिवारचा बॅकअप तर धड होता. शिवाय डेटाबेस बॅकअपमधून वगळलेला, मग त्याचा काय संबंध? इथे दोन चुका एकमेकींना टेकून उभ्या होत्या.

पहिली वेळेची. कंटेनरमधलं घड्याळ यूटीसीवर, बाहेरचं जर्नल स्थानिक वेळेवर, फरक साडेपाच तासांचा. शनिवार २०:३० यूटीसी म्हणजे रविवार पहाटे २:००. अशा वेळी डोक्यात बेरीज करू नये. वारही बदलतो, आणि अर्धा तास हातून हमखास सुटतो. जर्नलसीटीएलला यूटीसीचा पर्याय देऊन सगळे लॉग एकाच वेळेवर आणावेत आणि मगच शेजारी ठेवावेत. लॉगमधल्या वेळेपुढे विभागाचा उल्लेख नसेल तर ती वेळ कुठल्या घड्याळाची हे आधी ठरवावं. लॉगर आदेशाने एक खूण-ओळ टाकून आणि त्याच क्षणी कंटेनरमध्ये तारीख विचारून हे दहा सेकंदांत कळतं.

दुसरी चूक समजुतीची. बॅकअपमधून फोल्डर वगळलं म्हणजे ते रेस्टिक वाचत नाही, एवढंच. स्नॅपशॉट पूर्ण व्हॉल्यूमचा असतो. एलव्हीएमला फोल्डर कळत नाही, फाइल कळत नाही, फाइलप्रणालीच्या दृष्टीने एखादी जागा रिकामी आहे हेही कळत नाही. रीइंडेक्स जुना इंडेक्स जागच्या जागी बदलत नाही, नवीन फाइल मोकळ्या जागेत लिहितो. ती जागा ईएक्सटी४ साठी मोकळी, पण एलव्हीएमच्या लेखी तिथे ‘जुना मजकूर’ आहे आणि तो उचलून ठेवणं भाग आहे. म्हणजे ३० जीबीचे इंडेक्स नव्याने लिहिले की स्नॅपशॉटमध्ये तेवढाच कचरा जपला जातो, वर डब्ल्यूएएलचं (डेटाबेसच्या बदलांची आगाऊ नोंद) लेखन वेगळं. पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये याची साक्षही होती. २०:३१ पासून ‘चेकपॉइंट्स आर ऑकरिंग टू फ्रीक्वेंटली’ (बदल डिस्कवर उतरवण्याचे टप्पे फार लवकर येत आहेत) ही ओळ दर काही सेकंदांनी.

सगळं एका वेळेवर आणल्यावर रविवारची रात्र अशी उभी राहिली:

१:३०:०४ स्नॅपशॉट तयार, आकार २० जीबी
१:३०:०९ रेस्टिक सुरू
२:००:०० कंटेनरमध्ये रीइंडेक्स सुरू
२:०१ च्या सुमारास चेकपॉइंटच्या तक्रारी सुरू
२:१७:४१ कर्नल: जागा संपली, स्नॅपशॉट बाद
२:१७:४२ रेस्टिक: पहिली वाचन-चूक
२:१८:३० रेस्टिक: प्रत सेव्ह्ड, कोड ३
२:१८:५५ सिस्टमडी: फिनिश्ड
२:५३ रीइंडेक्स संपलं

चार लॉग, आणि प्रत्येकाला फक्त आपापला तुकडा माहीत.

कोड ३ आणि कोड ५

उरला प्रश्न, इशारा का आला नाही. रेस्टिकचा एक्झिट कोड ० म्हणजे सगळं ठीक, १ म्हणजे प्रतच झाली नाही, आणि ३ म्हणजे काही स्रोत वाचता आला नाही पण अपुरी प्रत साठवली आहे. ३ हा सर्वांत फसवा. काम झालंही आणि झालं नाहीही.

जुन्या इशाऱ्यांच्या मेलमध्ये बारा आठवड्यांपूर्वीपासूनची एक जोडी सापडली. रविवारी ‘स्टेटस=३/नॉटइम्प्लिमेंटेड’ आणि सोमवारी ‘स्टेटस=५/नॉटइन्स्टॉल्ड’. या तिरप्या रेघेपुढच्या शब्दांनी बरंच नुकसान केलं. ते शब्द रेस्टिकचे नाहीत आणि एलव्हीएमचेही नाहीत. सिस्टमडी जुन्या इनिट-स्क्रिप्टच्या प्रमाणित कोष्टकातून २ ते ७ या आकड्यांना नावं चिकटवतं, कार्यक्रमाच्या मनात त्या आकड्याचा काहीही अर्थ असो. ‘नॉटइन्स्टॉल्ड’ वाचून कुणीतरी पॅकेज पुन्हा बसवलं होतं. खरं तर ५ हा एलव्हीएमच्या आदेशांचा ‘आदेश फसला’ एवढाच कोड. आकडा घ्यावा, शब्द सोडावा, आणि तो आकडा कुठल्या आदेशाचा ते पाहावं. ‘मेन प्रोसेस’ लिहिलं असेल तर एक्झेकस्टार्टचा, ‘कंट्रोल प्रोसेस’ लिहिलं असेल तर प्री, पोस्ट वगैरेंपैकी कुणाचा.

सोमवारी ५ का? एक्झेकस्टार्ट फसलं की एक्झेकस्टार्टपोस्ट चालतच नाही. स्नॅपशॉट काढून टाकण्याचं काम तिथे ठेवलेलं, म्हणून रविवारचा बाद स्नॅपशॉट तसाच पडून राहायचा. सोमवारी त्याच नावाने नवा काढायला गेलं की ‘लॉजिकल व्हॉल्यूम ऑलरेडी एक्झिस्ट्स’. सोमवारची चूक ठळक, म्हणून लोक तिच्यामागे लागले. हाताने स्नॅपशॉट काढून टाकला की बॅकअप सुरळीत.

मग एटीसीकीपरच्या (कॉन्फिग फाइल्सचे बदल नोंदणारं साधन) नोंदीत नऊ आठवड्यांपूर्वीचा बदल दिसला. युनिट फाइलमध्ये ‘सक्सेसएक्झिटस्टेटस=३’. हेतू समजण्यासारखा होता, एखादी फाइल वाचता आली नाही म्हणून दर रविवारी मेल नको. परिणाम असा की ३ हे यश ठरलं. यश ठरल्यावर पोस्ट चालू लागलं, स्नॅपशॉट काढून टाकला जाऊ लागला, सोमवारचा ५ बंद झाला आणि ‘मेन प्रोसेस एक्झिटेड’ ही ओळसुद्धा जर्नलमधून नाहीशी झाली, कारण यशस्वी शेवट सिस्टमडी डीबग पातळीवर नोंदतं. तक्रारी थांबल्या. बिघाड होता तिथेच होता.

पडताळणी

कारण सापडल्यासारखं वाटणं वेगळं आणि ते दाखवून देणं वेगळं. पुढच्या शनिवारी संध्याकाळी एक जादा पूर्ण प्रत घेतली आणि रविवारी काहीही न बदलता बॅकअप चालू दिला. फक्त एलव्हीएस या आदेशाने दिसणारी स्नॅपशॉटची टक्केवारी आणि गुणचिन्हं दर ३० सेकंदांनी वेळेसह फाइलमध्ये लिहिली. २:०० ला १.९ टक्के, २:०५ ला ३१, २:१० ला ५८, २:१५ ला ८७. २:१८ च्या आत १०० आणि गुणचिन्हांतलं पाचवं अक्षर इंग्रजी कॅपिटल ‘आय’ झालं, म्हणजे स्नॅपशॉट बाद. त्याच सेकंदाची कर्नलची ओळ जर्नलमध्ये हजर. सोमवारी ती टक्केवारी शेवटपर्यंत ४ च्या वर गेली नाही.

दुरुस्ती

नुसता स्नॅपशॉट ६० जीबी करून भागलं असतं, काही महिने. इंडेक्स वाढत राहतात, म्हणून आधी टक्कर टाळली. रीइंडेक्सचं वेळापत्रक कंटेनरच्या आतून काढून यजमान सर्व्हरच्या सिस्टमडी टायमरवर आणलं आणि बॅकअप व रीइंडेक्स दोघांनाही एकाच एफलॉक फाइलमागे (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) उभं केलं. बॅकअप कुलपासाठी ७२०० सेकंद थांबतो, तरी मिळालं नाही तर फसतो आणि मेल येतो. स्नॅपशॉट काढणं आणि रेस्टिक चालवणं एकाच स्क्रिप्टमध्ये घेतलं, कारण कुलूप स्नॅपशॉटच्या आधी लागायला हवं. आधी स्नॅपशॉट आणि मग कुलूप असं केलं तर थांबण्याच्या दोन तासांत स्नॅपशॉट भरत राहतो.

स्नॅपशॉट ४० जीबी केला. एलव्हीएमचं ‘मॉनिटरिंग’ चालू केलं, आपोआप वाढीचा उंबरठा ७० टक्के, दर वेळी २० टक्के वाढ. उंबरठ्याची मूळ किंमत १०० असते, म्हणजे वाढ बंद. नुसतं मॉनिटरिंग चालू करून ती होत नाही, आणि व्हॉल्यूम ग्रुपमध्ये मोकळी जागा नसेल तर दोन्ही करूनही होत नाही.

साफसफाई एक्झेकस्टार्टपोस्टमधून एक्झेकस्टॉपपोस्टमध्ये हलवली. ते सेवा फसली तरी चालतं आणि त्याला शेवटाचा कोड ‘एक्झिट_स्टेटस’ या चलात मिळतो. स्नॅपशॉट काढून टाकण्याआधी त्याची टक्केवारी आणि गुणचिन्हं लॉगरने जर्नलमध्ये लिहायची, एवढी एक ओळ वाढवली. या सगळ्या बदलांत स्वस्त आणि सर्वांत कामाची तीच. ती आधीपासून असती तर कुठल्याही रविवारी ‘१००.००’ दिसलं असतं.

‘सक्सेसएक्झिटस्टेटस’ काढून टाकलं. ज्या थोड्या फाइल्स खरोखरच वाचायच्या नाहीत त्या नावानिशी वगळल्या, म्हणजे उरलेला ३ हा खरा ३.

छाटणीला आता खूण लागते. रेस्टिक ० देऊन संपलं तरच स्क्रिप्ट त्या प्रतीला ‘पूर्ण’ असा टॅग लावते आणि छाटणीचा नियम फक्त त्या टॅगच्या प्रतींवर चालतो. टॅग लावला की प्रतीचा आयडी बदलतो, म्हणून आयडी लॉगमध्ये लिहायचा तो टॅगनंतरचा. जुन्या प्रतींना फाइलसंख्या पाहून एकदाच हाताने टॅग लावले. अपुऱ्या प्रती चौदा दिवसांनी वेगळ्या आदेशाने जातात, लगेच नाही, कारण त्यांतही काही सापडू शकतं. अपुऱ्या प्रतीनंतरच्या रात्री तुलनेसाठी शेवटच्या पूर्ण प्रतीचा आयडी ‘पेरंट’ म्हणून द्यायचा, मग सोमवारचे सहा तास लागत नाहीत.

एक्झिट कोडवर पूर्ण भिस्त नको म्हणून आणखी एक अटकाव. एकूण फाइल्स मागच्या पूर्ण प्रतीपेक्षा २ टक्क्यांहून कमी झाल्या तर इशारा. मोठी पुसापुशी झाली की तो खोटाही वाजेल. वाजू द्यावा, ती बातमी तरी कळते.

जर्नलची मर्यादा ४ जीबी केली आणि कर्नलच्या नोंदी दुसऱ्या यंत्रावरही पाठवल्या. आठवड्यातून एकदा होणारा बिघाड शोधायला तीन आठवड्यांचा लॉग म्हणजे फक्त तीन नमुने.

शेवटी इशाऱ्यांची साखळी मुद्दाम तोडून पाहिली. चाचणीच्या व्हॉल्यूमवर १ जीबीचा स्नॅपशॉट काढला, बॅकअप सुरू केला आणि मूळ व्हॉल्यूमवर डीडीने ३ जीबी लिहिले. आपोआप वाढ त्या चाचणीपुरती बंद ठेवली होती. पहिल्या खेपेला मेल आलाच नाही. ‘ऑनफेल्युअर’मधलं मेल पाठवणारं युनिट जुन्या नावाने लिहिलेलं होतं आणि ते युनिट आता अस्तित्वात नव्हतं. नाव दुरुस्त केल्यावर दुसऱ्या खेपेला मेल आला.

मागितलेल्या फोल्डरचं काय झालं? पाचही साप्ताहिक प्रतींत ते नव्हतं. मासिक प्रतींमधली ताजी प्रत महिनाअखेरच्या मंगळवारची, म्हणजे पुसलं गेलं त्या बुधवारच्या आठ दिवस आधीची निघाली. ती पूर्ण होती. ‘स्कॅन्स’ तिथून परत आणलं. मधल्या आठ दिवसांतली कागदपत्रं मात्र कुठल्याही प्रतीत नव्हती. छाटणी केल्यावर साठ्यातला डेटा लगेच प्रून झाला नसता, म्हणजे प्रत्यक्ष पुसला गेला नसता, तर रेस्टिकचा ‘रिकव्हर’ आदेश गळलेल्या दैनिक प्रतींची फोल्डर्स जोडून देऊ शकला असता. इथे छाटणीसोबत प्रून रोज चालत होतं. आता ते महिन्यातून एकदा चालतं, आणि त्यासाठी साठ्यात जादा जागा राखली आहे.